भावा, ब्राते आणि फ्रातो: सर्बियन अन् एस्पेरांतो, मराठी कानांनी ऐकताना

सर्बियातल्या बेलग्रेडमधली पोरं एकमेकांशी बोलताना दर दुसऱ्या वाक्यात 'ब्राते' म्हणतात. ब्राते कुठेयस, ब्राते ऐक तरी, अरे नाही ब्राते. समोर सख्खा भाऊ असायची काही गरज नाही, मित्र, अनोळखी माणूस, कधी कधी तर मुलीसुद्धा मैत्रिणीला ब्राते म्हणून मोकळ्या होतात. कोल्हापुरातलं 'भावा' आठवा, तेच. आणि गंमत नुसत्या अर्थाची नाहीये. सर्बियनमध्ये भाऊ म्हणजे 'ब्रात', पण हाक मारली की त्याचं 'ब्राते' होतं, जसं आपल्याकडे भाऊचं भावा होतं, देवचं देवा, बाळचं बाळा. शाळेत विभक्तीच्या तक्त्यात सगळ्यात खाली 'संबोधन' म्हणून एक ओळ असायची जी आपण पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो, ती ओळ तिकडे रस्त्यावर दिवसभर वापरात आहे.

एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा, तिच्यात भाऊ म्हणजे 'फ्रातो'. हाक मारा, भांडा, गळ्यात पडा, फ्रातो तो फ्रातोच राहतो. फक्त एका ठिकाणी शेपूट लागतं, ते पुढे येईल.

मी काही भाषाशास्त्रवाली नाही. एस्पेरांतो मी एका फुकट ॲपवर टाइमपास म्हणून सुरू केली आणि ती चक्क यायला लागली, सर्बियनमध्ये मात्र दोन वर्षांनंतरही कॉफी मागवून बिल देण्यापलीकडे फारशी मजल गेली नाहीये. दोन्ही शेजारी शेजारी चालू होत्या म्हणून तुलना आपोआप होत गेली. लोक म्हणतात यात तुलना काय करायची, एक खरी भाषा आणि एक बनवलेली, म्हणजे घरची पोळी आणि पाकिटातली पोळी. मलाही आधी तसंच वाटायचं. पण थोडं खोलात गेलं की कळतं, 'बनवलेली' आणि 'आपोआप झालेली' यातली रेघ वाटते तेवढी सरळ नाही, आणि खरा फरक भलतीकडेच आहे.

आधी थोडी ओळख. सर्बियन ही बाल्कनमधली स्लाव्ह भाषा, रशियन-पोलिशची चुलत बहीण. सर्बियाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत साधारण ६६ लाख भरली, शिवाय बोस्निया, माँटेनेग्रो वगैरेकडेही ती बोलतात. एस्पेरांतोला देश नाही, सैन्य नाही, नाण्यावर छापणारं कुणी नाही. बोलणारे किती याचे अंदाज काही दहा हजारांपासून वीस लाखांपर्यंत कसेही पसरलेत, कारण 'येते' म्हणजे किती येते हेच ठरलेलं नाही. घरात आईबापांकडून लहानपणापासून शिकलेले असेही काही लोक आहेत, पण ते साधारण हजार-दोन हजारच धरतात.

ही भाषा केली एका डोळ्याच्या डॉक्टरने. लुडविक झामेनहोफ, जन्म १८५९, गाव ब्यावीस्तोक, आता ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे ज्यू, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी वाकडं. हा ज्यू घरातला पोरगा हे बघत मोठा झाला आणि त्याच्या डोक्यात बसलं की सगळ्यांना एक दुसरी भाषा दिली, जी कुणाच्याच बापाची नाही, तर भांडण निदान समजून तरी होईल. शाळेत असतानाच कामाला लागला. पण शब्द किती लागणार! जाडजूड डिक्शनरी कोण पाठ करणार! मग एक दिवस त्याचं लक्ष रस्त्यावरच्या रशियन पाट्यांकडे गेलं, एक 'श्वेइत्सार्स्काया', म्हणजे दरवानाची खोली, आणि एक 'कोन्दितोर्स्काया', म्हणजे मिठाईचं दुकान. दोन्हीच्या शेवटी तेच 'स्काया'. रोज बघितलेल्या पाट्या, पण त्या दिवशी ट्यूब पेटली की प्रत्यय नीट निवडले तर एका मुळापासून दहा शब्द काढता येतात आणि डिक्शनरी एकदम बारीक होते. हा किस्सा त्याने स्वतः नंतर एका पत्रात लिहिलाय. म्हणजे एस्पेरांतोचं जे सगळ्यात हुशार लॉजिक समजतात ते एका स्लाव्ह भाषेच्या पाटीवरून सुचलेलं आहे, आणि सर्बियन लोक स्वतःच्या भाषेला 'सर्प्स्की' म्हणतात त्यातला 'स्की' त्याच प्रत्ययाचा भाऊबंद.

१८८७ मध्ये वॉर्सात पहिलं छोटं पुस्तक निघालं, आधी रशियनमध्ये. छपाईचे पैसे सासऱ्याने दिले. लेखकाचं नाव होतं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे 'आशा बाळगणारा', आणि पुढे ते टोपणनावच भाषेला चिकटलं.

आता सर्बियनकडे या. तिथेही एक एकटा हट्टी माणूस आहे, आणि इथेच 'आपोआप झालेली भाषा' ही कल्पना जरा डळमळते. वूक कराजिच, जन्म १७८७, त्र्शिच नावाचं खेडं, शेतकऱ्याचं घर. 'वूक' म्हणजे लांडगा, संस्कृतातला 'वृक' तोच. आईबापांची आधीची मुलं जगत नव्हती म्हणून हे नाव ठेवलं, चेटकिणी लांडग्याला खायला घाबरतात म्हणे. आपल्याकडे दगडू, धोंडू ही नावं अगदी ह्याच हिशोबाने ठेवायचे, मूल जगावं म्हणून. तर हा सर्बियातला दगडू पायाने अधू झाला, लाकडी पाय लावून फिरायचा, आणि व्हिएन्नात बसून त्याने आख्ख्या भाषेचं लिखाण उलथवलं.

त्या वेळी सुशिक्षित सर्ब लोक लिहायचे ती भाषा धड चर्चची नाही, धड रशियन नाही, धड गावची नाही अशी खिचडी होती. अक्षरं चाळीसच्या वर, त्यातली कित्येक उच्चारात नसलेली. वूकने म्हटलं, गावातली बाई बोलते तीच भाषा लिहायची, आणि 'जसं बोलता तसं लिहा, जसं लिहिलंय तसं वाचा'. हे वाक्य मुळात एका जर्मन व्याकरणकाराचं समजतात, पण अंमलात आणलं ते वूकने. एका आवाजाला एकच अक्षर, एकूण तीस. जास्तीची अक्षरं उडवली, काही नवी जोडून केली, आणि 'य' च्या आवाजासाठी सरळ लॅटिनमधून अक्षर उचललं. ह्या एका अक्षरावरून चर्चवाले भयंकर चिडले, हा आम्हाला कॅथलिक करायला निघालाय म्हणून. १८१८ ला त्याचा मोठा शब्दकोश आला, पण सर्बियन सरकारने ही लिपी पूर्ण मान्य केली ती १८६८ मध्ये, वूक मरून चार वर्षं झाल्यावर.

म्हणजे बघा, लिखाणाच्या बाबतीत दोन्ही भाषा जवळपास सारख्याच 'बनवलेल्या' आहेत. दोन्हीत स्पेलिंग नावाची भानगड नाही, ऐकलं की लिहिता येतं. एस्पेरांतोत अक्षरं अठ्ठावीस, त्यातल्या पाचांच्या डोक्यावर टोपी आणि एकावर वाटीसारखी खूण. ह्या टोप्या टाइप करताना वैताग येतो म्हणून लोक साध्या अक्षरापुढे 'एक्स' टाकून काम भागवतात. झामेनहोफने जोर कुठे द्यायचा तेही फिक्स केलं, कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. सर्बियनमध्ये मात्र इथे वूकची शिस्त संपते. तिथे सुरांचे चार प्रकार आहेत, चढता-उतरता, लांब-आखूड, आणि ते नेहमीच्या लिखाणात कुठेच दाखवत नाहीत. त्यावर त्यांचा एक आवडता जोक आहे, 'गोरे गोरे गोरे गोरे', एकच शब्द चारदा, आणि अर्थ म्हणे 'वरचे डोंगर जास्त वाईट जळतायत'. लिहिताना चारही सारखे, बोलताना सूर वेगळे. मी हे चार वेळा म्हणून दाखवलं तर समोरच्याला वाटलं मी फेअरनेस क्रीमची जाहिरात करतेय.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला इथे चटकन कळते जी इंग्रजीवाल्यांना अर्धा तास समजवावी लागते. 'चमचा' म्हणा. आता 'चंद्र' म्हणा. दोन्हीत च वेगळा आहे, जीभ वेगळ्या जागी लागते, पण आपण अक्षर एकच वापरतो आणि परप्रांतातून आलेला माणूस आयुष्यभर चुकतो. सर्बियन आणि एस्पेरांतो दोघींमध्येही ह्या दोन च ना वेगवेगळी अक्षरं आहेत. सर्बियनमध्ये तर चंद्रातल्या च चेही दोन प्रकार, एक जाडसर आणि एक मऊ. टेनिसवाल्या जोकोविचच्या आडनावात शेवटचा च मऊ आणि सुरुवातीचा ज पण मऊच, आपल्या पेपरात दोन्ही सपाट होतात. वूकच्या हातात मराठी लिपी दिली असती तर चमच्याचा च त्याने पहिल्या दिवशी वेगळा काढला असता असं मला नेहमी वाटतं. (आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी 'नांव', 'कांहीं' वरचे न उच्चारायचे अनुस्वार गेले तेवढं वूकच्या दिशेने झालं, ऱ्हस्व-दीर्घाचं दुखणं आहे तिथेच आहे.)

शिवाय सर्बियन दोन लिप्यांत चालते, सिरिलिक आणि लॅटिन, दोन्हीत तीस तीस. सरकारी कामाला सिरिलिक, पण बेलग्रेडच्या एकाच स्टॉलवर 'पोलितिका' सिरिलिकमध्ये आणि 'ब्लित्स' लॅटिनमध्ये, आणि वाचणाऱ्याला आपण लिपी बदलली हे जाणवतही नाही. आपल्याला हे फार विचित्र वाटायला नको, गोव्यात कोंकणी देवनागरी आणि रोमी दोन्हीत लिहितातच. फक्त तिथे त्यावरून वाद पेटतो. वाद सर्बियातही आहेच म्हणा.

व्याकरणात दोघी खऱ्या वेगळ्या होतात.

कुत्रा माणसाला चावला. हेच 'माणसाला कुत्रा चावला' असं फिरवलं तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण 'ला' ने सगळं सांभाळलंय. एस्पेरांतोत हे काम एकटा 'न' करतो, ज्याला चावलं त्याच्या शेवटी 'न' लावा आणि शब्द कुठेही फेका: 'ला हुंदो मोर्दिस ला वीरोन', 'ला वीरोन मोर्दिस ला हुंदो', दोन्ही एकच. फ्रातोला लागणारं शेपूट म्हणजे हेच, फ्रातोन. अनेकवचनाला 'य'. पुस्तक लीब्रो, पुस्तकं लीब्रोय, आणि कर्म असेल तर लीब्रोन, लीब्रोय्न. झालं. सगळ्या नामांना हाच नियम, एकही अपवाद नाही, नाम म्हटलं की शेवटी 'ओ', विशेषण म्हटलं की 'आ'. इंग्रजी बोलणारे तरीही ह्या एका 'न' वर इतके रडतात की विचारू नका. आपण 'स, ला, ते' घोकलेले लोक, आपल्याला काय त्याचं.

सर्बियनमध्ये मात्र आख्खा तक्ता आहे, सात विभक्त्या. पुस्तक 'क्न्यीगा', पुस्तकाचं 'क्न्यीगे', पुस्तकाला 'क्न्यीझी', पुस्तक वाचलं असं म्हणायचं तर 'क्न्यीगू', पुस्तकाने 'क्न्यीगोम', आणि उद्या पुस्तकाशी बोलायचं झालं तर 'क्न्यीगो'. मध्येच ग चा झ झाला ते दिसलं का? असं का म्हणून विचारलं तर सर्बियन माणूस खांदे उडवतो, आणि आपण हसायचं कारण नाही कारण आपण पण पाऊसचं पावसात आणि देऊळचं देवळात का करतो ते कुणी विचारलं तर आपणही खांदेच उडवू. बदल आत, शब्दाच्या पोटात होतो, ही सवय मराठी माणसाला आहे. त्यामुळे होतं काय, की एस्पेरांतो आपल्याला सोपी जाते पण सर्बियन ओळखीची वाटते, आणि ह्या दोन गोष्टी एक नाहीत हे कळायला मला बराच वेळ लागला.

सगळ्यात जास्त ओळखीचं वाटलं ते भूतकाळात. तो आला, ती आली, ते आलं. सर्बियनमध्ये: 'ओन ये दोशाओ, ओना ये दोश्ला, ओनो ये दोश्लो'. तीन लिंगं, तीन रूपं, आणि मध्ये ल सुद्धा! आपला ल आणि त्यांचा ल वेगवेगळ्या वाटेने आलेत, सख्खे नाहीत, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून हसत बसले. पुल्लिंगात ल कुठे गेला म्हणाल तर शब्दाच्या शेवटी आलेल्या ल चा त्यांनी 'ओ' करून टाकलाय, म्हणून पांढरा 'बेओ' पण पांढरी 'बेला', आणि बेलग्रेडला ते 'बेओग्राद' म्हणतात, पांढरं शहर. आपण पुरुष की बाई हे 'मी' म्हणतानाही क्रियापदात दाखवायचं, मी आलो, मी आले, तसंच त्यांच्याकडे. आणि मूल, 'देते', हे त्यांच्याकडेही नपुंसकलिंगी, ते मूल, ते रडलं.

एस्पेरांतोत 'मी वेनिस'. बाई असो, पुरुष असो, मूल असो, 'मी' येवो, ते येवोत, 'वेनिस'. वर्तमानाला 'आस', भूतकाळाला 'इस', भविष्याला 'ओस', विषय संपला. जाणे म्हणजे 'ईरी', जातो 'ईरास', गेलो 'ईरीस', जाईन 'ईरोस'. आपलं जा-गेला बघा, ज चा ग कसा झाला ते कुणाला ठाऊक! सर्बियनचंही तेच, जातो 'ईदेम' आणि गेलो 'ईशाओ साम'. रोज वापरून वापरून गुळगुळीत झालेले शब्दच सगळ्यात वाकडे असतात, आणि झामेनहोफच्या शब्दांना गुळगुळीत व्हायला वेळच मिळालेला नाही.

तो 'साम' नीट बघा. सर्बियनमध्ये आहे-आहेस चालवायचं तर: साम, सी, ये, स्मो, स्ते, सू. आता संस्कृत: अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. 'ये' चं लांब रूप 'येस्ते', म्हणजे अस्ति पण जागेवर आहे. केव्हा-तेव्हा त्यांच्याकडे 'कादा-तादा', आपलं कदा-तदा. पण 'सादा' म्हणजे सदा नव्हे हां, 'आत्ता'. तिथे मी आपटलेय. एस्पेरांतोतही हा क-त चा खेळ आहे, आणि तो झामेनहोफने कोष्टकातच बसवलाय: की-ए कुठे, ती-ए तिथे, की-आम केव्हा, ती-आम तेव्हा, की-एल कसं, ती-एल तसं, पाच सुरुवाती गुणिले नऊ शेवट, पंचेचाळीस शब्द. ज्याला कुठे-जिथे-तिथे, कसा-जसा-तसा येतं त्याला हा तक्ता एका संध्याकाळी जमतो.

सर्बियन क्रियापदांची एक खोड मात्र भयंकर आहे. प्रत्येक क्रिया जोडीने शिकायची, एक 'चालू असलेली' आणि एक 'संपलेली'. पुस्तक वाचत होते, 'चिताला साम'. आणि पुस्तक वाचून काढलं, 'प्रोचिताला साम'. मराठीत आपण 'टाकलं', 'काढलं', 'बसलो' असली क्रियापदं मागे जोडून हे करतो, लिहून टाकलं, खाऊन बसलो. त्यांच्याकडे ते पुढे जोडतात, आणि कुठल्या क्रियापदाला पुढे काय लागेल याचा नियम म्हणजे देवाची करणी. एस्पेरांतोवाला 'लेगिस' म्हणतो आणि पुढे जातो, संपवलं हे सांगायचंच असेल तर 'त्रालेगिस' म्हणायची सोय आहे, सक्ती नाही.

मोजण्याचंही तसंच. बेलग्रेडच्या कॅफेत एक कॉफी 'येद्ना काफा', दोन 'द्वे काफे', आणि पाच झाल्या की 'पेत काफा'. दोन, तीन, चार ह्यांचा एक गट, पाचपासून वेगळा गट, आणि एकवीस कॉफ्या मागवल्या की पुन्हा एकवचन, कारण शेवटी 'एक' आहे. मी तर चौघांत पाचवा आला की गप्प होते. एस्पेरांतोत 'ऊनू काफो', नंतर मरेपर्यंत 'काफोय'.

आकड्यांवरून आठवलं, एस्पेरांतोत नऊ म्हणजे 'नाऊ', आणि मी म्हणजे 'मी'. मुळं दूरवर एकच, म्हणून नुसता योगायोग नाही, आणि पहिल्या दिवशी फार बरं वाटतं. सर्बियनमध्ये मात्र 'मी' म्हणजे आम्ही! दोन्ही भाषा एकाच आठवड्यात घेतल्या तर हा एक शब्द पुरे आहे डोकं फिरवायला. आणि आम्ही-आपण हा आपला फरक, म्हणजे समोरच्याला धरून की वगळून, दोघींमध्येही नाही. तिथे आपण श्रीमंत.

एस्पेरांतोची खरी मजा शब्द बांधण्यात आहे. 'साना' म्हणजे निरोगी. पुढे 'माल' लावलं की उलटं: 'मालसाना', आजारी. माणूस म्हणून 'उल': 'मालसानुलो', आजारी माणूस. जागा म्हणून 'एय': 'मालसानुलेयो', निरोगी-नसलेल्या-माणसांची-जागा, म्हणजे हॉस्पिटल. ऐकायला अगडबंब वाटतं, पण आपलं 'रुग्णालय' काय वेगळं आहे, रुग्ण अधिक आलय. शिकायची जागा 'लेर्नेयो', जेवायची जागा 'मांजेयो'. आपण विद्यालय, भोजनालय करतो, त्यांनी प्रत्येकालाच 'आलय' लावलं, एवढंच. वाघ 'तिग्रो', वाघीण 'तिग्रीनो', म्हणजे आपला 'ईण' जवळजवळ जसाच्या तसा. पण हेच लॉजिक घरात शिरलं की खटकतं. बाप 'पात्रो' आणि आई 'पात्रीनो', बापीण! आईला स्वतःचा शब्दच नाही, बापाला शेपूट लावून काढलीये. यावर एस्पेरांतोवाल्यांत कित्येक वर्षं वाद आहे आणि पुरुषांसाठीही वेगळा प्रत्यय असावा म्हणून काही जण एक वापरतातही, पण पाया बदलता येत नाही, कारण १९०५ मध्येच मूळ नियमांना हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी १९०७ मध्ये 'ईदो' नावाची वेगळी चूल मांडली. भांडणं मिटवायला केलेली भाषा, वीस वर्षांत भाऊ वेगळे झाले.

सर्बियनचं त्याच्या उलट. बेलग्रेडची भाषा आणि क्रोएशियातल्या झाग्रेबची भाषा, माणसं एकमेकांशी दुभाष्याशिवाय तासन्‌तास बोलतात, फक्त पावाला इकडे 'ह्लेब' तिकडे 'क्रूह', ट्रेनला इकडे 'वोझ' तिकडे 'व्लाक'. युगोस्लाव्हिया होता तेव्हा एक नाव होतं, देश फुटला आणि आता चार नावं आहेत, सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनेग्रिन.

शब्दसंग्रहात तर सर्बियन आपल्याला सारखी डोळा मारते. तुर्कांनी तिथे काही शतकं राज्य केलं आणि फारसी-अरबी शब्द मागे राहिले, जसे आपल्याकडे राहिले. 'बाक्शिश', 'दुश्मानिन', 'शेचेर' म्हणजे साखर, 'मेग्दान' म्हणजे द्वंद्व, जे मैदानात व्हायचं म्हणून. दुकानात सामान भरून देतात ती 'केसा', पिशवी, आणि आपला 'खिसा', दोन्ही एकाच शब्दाची पोरं. एस्पेरांतोत असलं फारसं काही सापडत नाही. तिचे शब्द बहुतेक लॅटिन-फ्रेंच-जर्मनकडचे, चहाला पण 'तेओ'. थोडं स्लाव्ह मीठ आहे, विळा 'सेर्पो', सर्बियनमध्ये 'सर्प'. खिमटासारखं 'काचो', सर्बियनमध्ये 'काशा'. आणि एक छोटा 'पो', दोन्हीकडे अगदी सारखा, म्हणजे आपलं 'तीन-तीन': 'पो त्री', प्रत्येकाला तीन-तीन. इंग्रजीत ह्यासाठी आख्खं वाक्य फिरवावं लागतं.

एस्पेरांतोला मी कमी लेखतेय असं वाटायला नको. झामेनहोफची तिन्ही मुलं नाझींनी मारली, स्टालिनच्या काळात एस्पेरांतो बोलणारे हेर म्हणून पकडले गेले, तरी भाषा टिकली, तिचं जागतिक संमेलन १९७३ मध्ये चक्क बेलग्रेडलाही भरलं होतं. विकिपीडियावर तिच्यात तीन लाखांवर लेख आहेत. आठ कोटींच्या मराठीत लाखाच्या आसपास. यावर मी काही बोलत नाही.

पण मग मी अडकले ते सासरी. सर्बियनमध्ये नवऱ्याचा बाप 'स्वेकार', आई 'स्वेकर्वा', नवऱ्याचा भाऊ 'देवेर', त्या भावाची बायको 'येतर्वा', मुलाची बायको 'स्नाहा'. एकेक करून संस्कृतातून मराठीत आणा: श्वशुर-सासरा, श्वश्रू-सासू, देवर-दीर, यातृ-जाऊ, स्नुषा-सून. पाचही जण हजर, हजारो वर्षं आणि हजारो मैल मध्ये जाऊनही! एकत्र कुटुंबात कुणाची पायरी कुठे हे सांगायला दोन्हीकडे शब्द लागले आणि ते दोन्हीकडे टिकले. चुलत्याला 'स्त्रीत्स', मामाला 'ऊयाक', काकूला 'स्त्रीना', मामीला 'ऊयना'. अगदी सगळं जुळत नाही. आत्या आणि मावशी दोघी 'तेत्का', सून आणि वहिनी दोघी 'स्नाहा'. उलट बायकोच्या आईबापांना त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत, 'तास्त' आणि 'ताश्ता', आपण दोन्हीकडच्यांना सासू-सासरेच म्हणतो. आणि मेहुणी म्हणजे 'स्वास्तिका', लिहायला अगदी स्वस्तिकासारखंच, संबंध काही नाही पण पहिल्यांदा वाचताना माणूस दचकतो.

एस्पेरांतोत ह्या सगळ्या गर्दीला एकच चावी, पुढे 'बो' लावा, फ्रेंचमधून घेतलेला. सासरा 'बोपात्रो', सासू 'बोपात्रीनो'. दीर, मेहुणा, साडू सगळे 'बोफ्रातो'. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या 'बोफ्रातीनो'. काका-मामा दोघे 'ओंक्लो'. पाच मिनिटांत पाठ.

मी एकदा गंमत म्हणून 'माझ्या जावेची सासू' हे तिन्ही भाषांत करून पाहिलं. मराठी ऐकणारी बाई लगेच म्हणते, अगं म्हणजे तुझीच सासू की. सर्बियनमध्ये 'स्वेकर्वा मोये येतर्वे', तिथलीही हेच म्हणेल आणि वर हसेल. एस्पेरांतोत 'ला बोपात्रीनो दे मीआ बोफ्रातीनो'. व्याकरण एकदम करेक्ट, एकही अपवाद नाही, आणि समोरचा विचारतो, कुठली बोफ्रातीनो, आणि मग मी त्याला सांगायला लागते, माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको.